ओसरीवरच्या गाद्या आणि मृगाचा पाऊस

ओसरीवरील झोंपाळा, अंगणांतील बांक आणि वेताच्या खुर्च्या यांवरील गाद्या-उशा वापरानें फारशा बिघडत नाहींत. आंत कोंडलेल्या ओलीनें बिघडतात. कापूस स्वभावतःच ओल शोषणारा. पावसाळी हवेंतील बाष्पही तो ओढून घेतो आणि त्या ओलीवर बुरशी पोसते. अभ्र्यावर काळे ठिपके दिसूं लागतात, तोंवर आंतील कापूस बहुधा कुबटलेला असतो. घरांत दम्याचें माणूस असेल तर हा प्रश्न केवळ टापटिपीचा राहत नाहीं. बुरशी व गादींतील सूक्ष्म धूळकिडे हीं दमा चेतविणारीं कारणें होत.

मोसमी पाऊस मुंबईस सामान्यतः ११ जूनच्या सुमारास पोहोंचतो. वळिवाच्या सरी त्याच्याही आधीं येतात. म्हणून रोहिणीचें ऊन दवडूं नये. अभ्रे काढून धुवावे. गाद्या उन्हांत घालाव्या, मध्यान्हीं उलटाव्या आणि ऊन कलण्यापूर्वीं आंत घ्याव्या. असें दोन-तीन दिवस करावें. वरचें कापड सुकलें म्हणजे गादी सुकली, असें समजूं नये. गादी निवाल्यावर शिवणीपाशीं दाबून हाताची पाठ टेकावी. गारवा लागला तर ओल आहे.

आंत काय भरलें आहे, त्याप्रमाणें उपचार भिन्न. साधा कापूस कडक उन्हांत फुलतो. गठ्ठे झाले असल्यास पिंजून घ्यावा. सांवरीचा, म्हणजे संस्कृतांतील शाल्मलीचा, कापूस मेणचट असल्यानें पाणी कमी पितो. पण त्याचे तंतु ठिसूळ, म्हणून तो पिंजूं नये, हलक्या हातानें थोपटावा. हल्लींचा फोम उन्हानें पिवळा पडून भुरभुरतो. तो सावलींत, वाऱ्यावर, उभा करून वाळवावा.

ठेवतांना प्लॅस्टिकच्या पिशवींत आवळून बांधण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं; राहिलेली ओल तींत अडकते. जुन्या धोतरांत वा लुगड्यांत गुंडाळून, फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्या. श्रावणांत ऊन पडेल त्या दिवशीं पुन्हां वारा द्यावा. बुरशी धरलेली गादी घराबाहेरच झटकावी. बुरशी आंत शिरली असल्यास कापसाचा मोह धरूं नये.

शेवटीं एक विनंति. भरलेली गादी उचलणें हलकें काम नव्हे. झोंपाळ्यावर वर्षभर बसणारे बहुधा आम्ही पुरुष. तेव्हां ती उन्हांत नेण्याचें व उलटण्याचें काम आम्हींच करावें, तें सूनबाईंवर ढकलूं नये.