खरेदीखतात मुलींचा संघ कुठे आहे?

कोल्हापुरात फुटबॉलचे वेड किती आहे ते बाहेरगावच्या मैत्रिणींना सांगावे लागते, इथल्यांना नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की पेठेतले व्यवहार त्या वेळेभोवती फिरतात. या वेडात बायकांच्या वाट्याला काय येते? चिखलाने भरलेले कपडे धुणे, गुडघा फुटला तर हळद लावणे आणि घरचा मुलगा जिंकून आला तर ओवाळणे. मैदानात उतरणाऱ्या मुली आहेत, पण त्यांचा संघ कुणाचा, त्याचा खर्च कुणाचा आणि उद्या तो बंद करायचा अधिकार कुणाचा, हे प्रश्न आपण विचारलेले नाहीत. क्लबची मालकी बदलते तेव्हा या प्रश्नांची उत्तरे उघडी पडतात.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण, नवऱ्याने टाकलेल्या बायकांची पोटगी, हे सगळे समोर असताना फुटबॉल कशाला? प्रश्न रास्त आहे. पण संध्याकाळी सहा वाजता हाफ पँट घालून मैदानात जाणे, परगावी स्पर्धेला जाणे, दहाजणींबरोबर एका खोलीत राहणे, हरणे आणि पुन्हा उभे राहणे, हे ज्या मुलीला मिळाले तिच्या आयुष्यात काय बदलते ते आपण पाहिले आहे. शिवाय यात पोटाचा प्रश्नही आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. संघ नाही तर स्पर्धा नाही, स्पर्धा नाही तर निवड नाही, निवड नाही तर प्रमाणपत्र नाही. संघ बंद पडतो तेव्हा एका मुलीची नोकरीची वाटही बंद होते.

आता पुण्याचे उदाहरण घेऊ. एफसी पुणे सिटी हा क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्माला आला. मालकी वाधवान समूहाची, सोबत सिनेमातली नावे. २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर पहिली इंडियन विमेन्स लीग झाली. सहा संघ होते. सुपर लीगच्या इतक्या श्रीमंत क्लबांपैकी मुलींचा संघ उतरवणारा एकच होता, तो पुणे सिटी. आपल्या राज्यासाठी ही अभिमानाची गोष्ट होती. पण पुढच्या मोसमात लीगच्या यादीत पुण्याचे नाव नव्हते. पुरुषांचा संघ मात्र खेळत राहिला.

२०१९ मध्ये मालक आर्थिक अडचणीत आले. ऑगस्ट अखेरीला क्लबचा गाशा गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा नव्या मालकांच्या हैदराबाद एफसीला मिळाली. पुरुष खेळाडूंपैकी बरेचजण तिकडे गेले. हस्तांतर झाले ते पुरुषांच्या लीगमधल्या जागेचे. त्या जागेला किंमत होती, म्हणून तिला गिऱ्हाईक होते. मुलींच्या संघाला बाजारात किंमत नव्हती, म्हणून तो व्यवहाराच्या कागदावर येण्याआधीच नाहीसा झाला. घर विकले जाते तेव्हा जमीन, विहीर, झाडे मोजली जातात. त्या घरात राबलेल्या बाईची मोजणी होत नाही. आपल्याला हा हिशेब नवा आहे का?

दुसरे उदाहरण इंग्लंडचे, पण त्याचीही नाळ पुण्याशी जोडलेली आहे. कुक्कुटपालनातल्या वेंकीज या पुण्याच्या उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना, नावाजलेला क्लब विकत घेतला. या क्लबच्या मुलींच्या संघात केइरा वॉल्श, एला टून आणि जॉर्जिया स्टॅनवे घडल्या. तिघीही २०२२ मध्ये युरोप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात होत्या. ब्लॅकबर्नच्या मुली २०१९ मध्ये देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये चढल्या. पुढे या लीगने संघांकडून चांगल्या सोयी, वैद्यकीय मदत, पूर्णवेळ कर्मचारी मागायला सुरुवात केली. म्हणजे मुलींच्या भल्याच्याच अटी घातल्या. त्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही आणि मे २०२५ मध्ये ब्लॅकबर्नने मुलींचा संघ त्या लीगमधून काढून घेतला. पुरुषांचा संघ आपल्या जागी खेळत राहिला.

भारतातून तिकडे पैसे पाठवायला मालकांना न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती, ही अडचण खरी आहे. पण अडचण आली की पहिली कात्री कुठे लागते? घरात पैसा कमी पडला की पहिल्यांदा मुलीची शाळा सुटते. क्लबातही तेच.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. वेंकीज समूहाच्या अध्यक्षपदी अनुराधा देसाई, म्हणजे एक बाई आहे. एका व्यक्तीला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण 'वर बाई बसली की खालच्या बायकांचे भले होईल' हा समज आपण पंचायतीतल्या आरक्षणापासून तपासत आलो आहोत. सरपंचबाईच्या पाठीशी गावातल्या बायकांची संघटना असेल तर ती काही करू शकते, नसेल तर खुर्ची जुन्याच पद्धतीने चालते. ब्लॅकबर्नच्या मुलींच्या हाती क्लबचा एकही निर्णय नव्हता. मालक बाई असो वा पुरुष, त्यांच्या दृष्टीने फरक काय पडला?

तिसरे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या सामन्यात केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ पंचाच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये क्लबने जाहीर केले की या दंडामुळे मुलींचा संघ तात्पुरता थांबवत आहोत. संघ सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. मैदान सोडले पुरुषांनी, घरी बसल्या मुली. इथे मालकही बदलला नव्हता. मालकाने फक्त हिशेबाची वही उघडली होती.

या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळते: 'मुलींच्या सामन्याला लोक येत नाहीत, पैसा येत नाही, आम्ही तरी काय करणार?' हे उत्तर निसर्गाचा नियम असल्यासारखे दिले जाते. म्हणून थोडा इतिहास. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना पाहायला ५३,००० लोक आले होते. खेळत होत्या प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातल्या कामगार बायका. महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा यांनी कारखाना चालवला आणि जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळल्या. त्यांच्या सामन्यांतून जखमी सैनिकांसाठी पैसा उभा राहिला. मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठरवले की हा खेळ बायकांना शोभत नाही. 'खेळू नका' असा हुकूम काढला नाही, तसा अधिकारही नव्हता. आपल्या सभासद क्लबांना एवढेच सांगितले की बायकांना मैदान देऊ नका. जवळजवळ ५० वर्षे ही बंदी टिकली. लोक येत नव्हते म्हणून मैदान बंद झाले नाही. मैदान बंद केले म्हणून लोक येईनासे झाले. मैदान कुणाच्या ताब्यात आहे यावर सगळे ठरते.

त्या संघाची पुढची गोष्टही आपल्या कामाची आहे. कारखान्याची मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. १९२६ मध्ये तिच्याशी खटके उडाले आणि कारखान्याचे छत्र गेले. पण संघ संपला नाही. प्रेस्टन लेडीज हे नाव घेऊन त्या १९६५ पर्यंत खेळल्या. ज्या मुलींकडे कारखान्याच्या नावापलीकडे काही नसते त्या अशा वेळी विखुरतात. यांचा संघ यांचा स्वतःचा झाला होता, म्हणून मालकाशिवायही उभा राहिला.

आता कोल्हापूर. आपल्याकडे तालमीला मालक नसतो, ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ही नावे कुणा शेठजीची नाहीत, पेठांची आणि माणसांची आहेत. वर्गणी पेठेची, गणपती पेठेचा, संघ पेठेचा. अलीकडे पुरस्कर्ते आले, परदेशी खेळाडू आले, तरी तालीम विकत घेऊन हैदराबादला नेणे कुणाला शक्य नाही. पुण्याला जे झाले ते इथे होणार नाही.

पण पेठ म्हणजे कोण? तालीम ही कुस्तीच्या आखाड्यातून वाढलेली जागा, आणि ती पुरुषांचीच मानली गेली. आई वर्गणी देते, बहीण देते, बैठकीला मुलगा जातो. मालक नसलेल्या संस्थेतही सभासदाचा हक्क कुणाला, हा प्रश्न उरतोच. तिकडे मुलींना मालकाने वगळले, इथे सार्वजनिक म्हणवणाऱ्या संस्थेने त्यांना आत घेतलेच नाही.

कोल्हापूरच्या मुली खेळत नाहीत असे कुणी म्हणू नये. मे २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या इंडियन विमेन्स लीगच्या अंतिम फेरीत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला. ज्या शहराचा पुरुष संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नव्हता, त्या शहराचे नाव तिथे मुलींनी नेले. २०२१-२२ पासून पुढच्या मोसमांत मात्र त्या यादीत कोल्हापूर दिसत नाही. तालमीचा एखादा संघ असा यादीतून गेला असता तर पेठेत किती बैठका झाल्या असत्या! मुलींच्या संघासाठी बैठक कुणी बोलवायची? त्याला पेठ नाही.

आणि क्लबांची खरेदी-विक्री थांबलेली नाही. २०१९ मध्ये मुंबई सिटीची बहुसंख्य हिस्सेदारी घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०२५ च्या डिसेंबरात ती सोडून दिली. एवढा मोठा परदेशी समूह येतो आणि सहा वर्षांत जातो. कुणाच्या मर्जीवर किती विसंबायचे, हे यावरून समजावे.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात बायकांच्या नावावर जमीन करण्याची चळवळ झाली. त्यामागचे शहाणपण साधे होते: प्रेमाने दिलेले प्रेम आटले की परत घेता येते, सातबाऱ्यावर लिहिलेले सहजासहजी पुसता येत नाही. मुलींच्या संघालाही सातबारा हवा. म्हणून या मागण्या चर्चेसाठी मांडते.

एक, क्लबची मालकी बदलताना मुलींच्या संघाची जबाबदारी खरेदीखतात लिहिलेली असावी. नव्या मालकाने निदान तीन मोसम तो चालवावा. बंद करायचा असेल तर एक मोसम आधी लेखी सूचना द्यावी आणि खेळाडूंची थकलेली देणी आधी चुकवावीत.

दोन, पुरुष संघाला झालेला दंड मुलींच्या खर्चातून वळता करायला महासंघाने मनाई करावी.

तीन, मुलींच्या संघाची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र बँक खाते आणि कार्यकारिणीत खेळाडूंच्या प्रतिनिधी असाव्यात. क्लबने हात काढला तरी नाव, जर्सी आणि नोंदणी मुलींकडे राहावी.

चार, शाहू स्टेडियमवर हंगामात मुलींच्या सामन्यांचे दिवस आधीच ठरवून जाहीर व्हावेत. पुरुषांचे सामने संपल्यावर उरलेली तारीख नको. प्रेक्षक येतील अशी वेळ हवी, आणि स्वच्छतागृह व कपडे बदलायची खोली हवी.

पाच, प्रत्येक तालीम मंडळाने बायकांना पूर्ण हक्काचे सभासदत्व द्यावे आणि मुलींचा एक तरी संघ आपल्या नावाने उतरवावा.

शेवटची मागणी ऐकून लोक हसतील. हसू देत. याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा एका गावाच्या ठरावाने काय होणार असे वाटणारे होतेच. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. ठराव लहान असतो, पण तो कागदावर असतो, आणि कागद पुढे ठेवून भांडता येते.

'मुली येतच नाहीत' असे तालमीचे कार्यकर्ते सांगतील. त्यांना विचारा, मुलांना तरी कुणी आमंत्रण दिले होते? भाऊ खेळताना पाहून भाऊ गेला, काकाचे बूट पुतण्याला मिळाले. मुलींना असे बूट कुणाकडून मिळायचे? ती साखळी एका पिढीत तयार करावी लागेल, आणि त्यासाठी तालमीच्या दारातून पहिल्या दहाजणींना आत जावे लागेल.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या गटांनी आपापल्या भागातल्या मंडळांचे नियम मागवून वाचावेत. सभासद कोण होऊ शकते, तिथे काय लिहिले आहे ते पाहावे. बाईला मनाई लिहिलेली नसेल तर पुढच्या वार्षिक सभेआधी वर्गणी भरून पावती आपल्या नावाने घ्यावी. मनाई लिहिलेली असेल तर तो कागद आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात आपण तो छापू.