वाहते पाणी, बांधलेली माणसे

वाचकहो, दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपून आपण फराळाला बसतो, तेव्हा मोरीतून गेलेले पाणी पुढे कुठे पोचले, हे विचारण्याचा अभद्रपणा कोणी करीत नाही. आज तो मी करणार आहे.

नागपूरकरांपुरते उत्तर सोपे आहे. शहराचे सांडपाणी नाग नदीत जाते, नाग कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पूर्वी पावसाळ्यात वैनगंगा ही घाण खाली लोटून देई. आता वाटेत भंडारा जिल्ह्यातले गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केली. योगायोग पाहा, हाच वसुंधरा दिन! शेताला पाणी मिळावे हा हेतू चांगलाच; पण अडवलेल्या पाण्याबरोबर घाणही अडली. वाहता मळ तुंबून तळाशी बसू लागला.

कायदा नाही म्हणावे, तर १९७४ सालचा जलप्रदूषण कायदा आहे. त्याचे २४ वे कलम नदीत घाण सोडण्यास मनाई करते. वाचायला किती गोड! मात्र घाण सोडणारा एका गावी राहतो आणि ती सोसणारा दुसऱ्या.

सोसणारेही सारखे नसतात. ऐपतदार माणूस घरी गाळणयंत्र बसवतो आणि नदीला विसरतो. काठच्या ढीवराला विसरून चालत नाही. त्याचे जाळे त्याच पाण्यात पडते. आणि कैदी? तुरुंग कुठलाही असो, आतल्या नळाला येईल ते पाणी त्याला प्यावे लागते. त्याला ना यंत्र विकत घेता येते, ना गाव सोडता येते.

तुरुंगात गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बात्रा खटल्यात सांगितले. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. शुद्ध पाण्यावर कैद्याचाही हक्क आहे, हे कळायला वकील लागणार नाही.

नदीच्या नियमांची कसोटी म्हणूनच मला एकच वाटते: ज्याला जागचे हलता येत नाही, त्याच्या पेल्यात काय पडते? कारण ज्यांचा आवाज दूरवर जातो, त्यांनी आपापली यंत्रे बसवली, की नदीसाठी ओरडायला उरतात ते ज्यांचे कोणी ऐकत नाही तेच.