धर्माच्या गाईचे दात मोजलेच पाहिजेत

१/२०
#धागा
‘धर्माची गाय, दात का नाय?’ फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढणाऱ्याची या म्हणीने टर उडवली जाते. अवकाशयुद्धाच्या जुन्या संगणकीय खेळांसाठी चाहत्यांनी रचलेल्या मिशनांबाबत गेली तीस वर्षे याच आशयाचे वाक्य समीक्षकाच्या तोंडावर फेकले जाते: ‘फुकट आहे ना, मग बोलायचे कशाला?’ आजचा धागा या वृत्तीच्या विरोधात आहे.

२/२०
आधी थोडा इतिहास. लॉरेन्स हॉलंड यांनी लुकासफिल्म गेम्ससाठी दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांचे खेळ रचले. त्यांपैकी १९८९ च्या ‘देअर फायनेस्ट अवर’मध्ये खेळाडूला स्वतःचे मिशन बांधण्याची सोय होती. १९९३ मध्ये हॉलंड आणि एडवर्ड किलहॅम यांनी तीच विद्या ‘स्टार वॉर्स’च्या अवकाशात नेली आणि ‘एक्स-विंग’ जन्माला आला. मिशन बांधण्याची सोय मात्र वाटेत गळाली.

३/२०
१९९४ मध्ये ‘टाय फायटर’ आला. येथे खेळाडू साम्राज्याचा वैमानिक होता. उद्दिष्टांच्या पायऱ्या होत्या: प्राथमिक, दुय्यम, आणि डोक्यावरून झगा ओढलेल्या इसमाकडून मिळणारे गुप्त आदेश. एकच मिशन जेमतेम पार करता येई किंवा पूर्णत्वाने जिंकता येई. मिशनरचना ही स्वतंत्र कला आहे, हे अनेकांना या खेळाने प्रथम जाणवून दिले.

४/२०
अधिकृत संपादक-प्रणाली नव्हती म्हणून चाहते थांबले नाहीत. त्यांनी मिशनच्या फायलींची रचना स्वतः उलगडली. पुढे ‘अलाइड’, ‘योगेमी’ यांसारखी हौशी साधने तयार झाली. ‘एम्पररस् हॅमर’सारख्या चाहत्यांच्या संघटनांनी मिशनांचे संग्रह उभारले, ती उडवणाऱ्यांना पदके आणि हुद्दे देण्याची प्रथा पाडली.

५/२०
दुसरा प्रवाह व्होलिशन या कंपनीचा. १९९८ चा ‘डिसेंट: फ्रीस्पेस’ आणि १९९९ चा ‘फ्रीस्पेस २’ यांच्यासोबत ‘फ्रेड’ ही मिशन-संपादक प्रणाली थेट खेळाडूच्या हाती आली. रचनाकारांनी स्वतःची हत्यारेच वाटून टाकली होती. ‘फ्रीस्पेस २’ची समीक्षकांनी वाखाणणी केली, विक्री मात्र बेताची झाली.

६/२०
‘फ्रीस्पेस २’चा शेवट अर्धवट राहिला. कपेला तारा फुटतो, शिवान शत्रूचा हेतू गूढच राहतो, आणि पुढचा भाग कधीच येत नाही. २००२ मध्ये व्होलिशनने खेळाचा मूळ संकेत खुला केला. त्यानंतर चाहत्यांनी यंत्रणाही सुधारली आणि कथाही पुढे नेली.

७/२०
रूढ इतिहास येथे थांबतो. ‘एक्स-विंग अलायन्स’ आणि ‘फ्रीस्पेस २’ दोन्ही १९९९ चे; त्यानंतर हा प्रकार ‘मेला’, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. दुकानातील फळी रिकामी झाली, रचना चालूच राहिली. तरीही तिचा इतिहास लिहिला गेला नाही, कारण तिची नीट समीक्षाच झाली नाही.

८/२०
समीक्षा येथे इतकी निर्णायक का? त्यासाठी मिशन म्हणजे काय हे पाहावे लागेल. फायलीत चित्र जवळपास नसतेच. असतात ती जहाजांची स्थाने, तुकड्यांचे आदेश, लाटांची संख्या आणि अटी: अमुक जहाज नष्ट झाले की तमुक तुकडी अवतरावी, इतके सेकंद उलटले की हा संदेश ऐकू यावा. मिशन हे मूलतः अटींनी बांधलेले वेळापत्रक असते.

९/२०
अशी वस्तू बाहेरून दिसत नाही. चित्र पाहता येते, गाणे ऐकता येते. मिशनचे स्थिरचित्र पाहिले तर काळ्या पडद्यावर दोन हिरव्या रेषा. तिचे गुणदोष फक्त उडवणाऱ्याला कळतात, आणि तेही कुठे हरलो, का हरलो, हे तपासल्यावर. त्याने ते लिहिले नाही तर ते ज्ञान त्याच्याबरोबरच संपते.

१०/२०
आता पहिला आक्षेप: ‘लेखकाने पैसे घेतलेले नाहीत, मग दोष कसे काढावेत?’ उत्तर सरळ आहे. पैसे घेतले नाहीत म्हणूनच दुसरे काहीतरी त्याला देणे लागते. ज्याने अनेक रात्री अटी जुळवण्यात घालवल्या, त्याला ‘छान आहे, धन्यवाद’ एवढेच परत देणे हा कृतघ्नपणा आहे. बारकाईने झालेले वाचन हेच त्याचे मानधन. हौशी रंगभूमीलाही परीक्षक लागतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

११/२०
शिवाय मिशन फुकट असले तरी खेळणाऱ्याचा वेळ फुकट नसतो. चाळीस मिनिटांचे मिशन अखेरच्या मिनिटाला रचनेतील चुकीमुळे अडकले, तर ती चाळीस मिनिटे कोणी परत करत नाही. पुढच्या खेळाडूला त्याची पूर्वसूचना देणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे. ते टाळणाऱ्याला सौजन्याचे श्रेय देता येणार नाही.

१२/२०
विकत घेतलेले ते दर्जेदार आणि हौशी ते कच्चे, हा समजही इतिहासाला धरून नाही. पहिल्या ‘फ्रीस्पेस’ची ‘सायलेंट थ्रेट’ ही अधिकृत पुरवणी पैसे मोजून घ्यावी लागे. तरीही तिची मिशने आणि कथा अनेक चाहत्यांना तोकडी वाटली. त्या असमाधानातून हौशी रचनाकारांनी ‘सायलेंट थ्रेट: रिबॉर्न’ नव्याने बांधली. दोष बोलून दाखवले गेले नसते, तर दुरुस्तीची गरज कोणाला भासली असती?

१३/२०
दुसरा रोग गुणांचा. १९९० च्या दशकातील खेळविषयक मासिके टक्के किंवा तारे देत, कारण वाचकाचा प्रश्न एकच असे: विकत घ्यावे की नाही? चाहत्यांनी तो साचा जसाच्या तसा उचलला. पण येथे विकत घेण्याचा प्रश्नच नाही. ‘दहापैकी सात’ यातून लेखकाला काय दुरुस्त करायचे ते कळत नाही, खेळाडूला काय वाढून ठेवले आहे ते कळत नाही, आणि इतिहासकाराच्या हाती तर काहीच लागत नाही.

१४/२०
एक नेहमीचा नमुना घ्या. मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सुखरूप पोचवायचे आहे. तिसऱ्या लाटेतील बॉम्बफेकी जहाजे पाठीमागून येतात. त्या वेळी आदेशानुसार खेळाडू दुसऱ्या टोकाला असतो. धोक्याचा संदेश येतच नाही. गुण देणारा लिहितो: ‘फार कठीण, पाच गुण.’ समीक्षक लिहितो: ‘लाटेच्या आगमनाला संदेश जोडा, किंवा अंतर वाढवा, काठिण्य टिकेल, अन्याय जाईल.’ दुसऱ्या वाक्याने मिशन सुधारते.

१५/२०
तिसरा रोग हस्तकौशल्याच्या गर्वाचा. ‘मला पहिल्याच फेरीत जमले, म्हणजे मिशन सोपे आहे.’ हे आत्मचरित्र झाले, समीक्षा नव्हे. मूळ ‘एक्स-विंग’ची काही मिशने एकदा हरल्याशिवाय जिंकणे अवघड, कारण धोका कुठून येणार हे आधी कळण्याचा मार्गच नसे. हौशी लेखकांनी थोरांच्या गुणांसोबत हा दोषही उचलला. कठीण आणि अन्याय्य यांतील भेद दाखवणे हे समीक्षकाचे मुख्य काम आहे.

१६/२०
हे काम किती उंचीच्या साहित्याला लागू आहे ते पाहा. ‘ब्लू प्लॅनेट’ या हौशी मालिकेचा ‘वॉर इन हेवन’ हा भाग २०१० मध्ये येऊ लागला. मूळ खेळात खेळाडू ज्या आघाडीसाठी लढतो, तीच येथे पृथ्वीवर चालून येते आणि खेळाडू पृथ्वीच्या बाजूने उभा राहतो. तिच्या लेखकांपैकी सेथ डिकिन्सन यांची ‘द ट्रेटर बारू कॉर्मरंट’ ही कादंबरी २०१५ मध्ये गाजली. अशा कृतीला पाचपैकी किती तारे द्यायचे?

१७/२०
सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो: ‘कठोर समीक्षेने नवशिके पळून जातात.’ हे खरे आहे, आणि उपहासाने ते नक्कीच पळतात. म्हणून टीका फायलीवर असावी, माणसावर नसावी. दोषासोबत तो दोष मिशनमध्ये नेमका कुठे आहे हेही सांगावे. पण नवशिक्याला हिरमुसला करणारी याहून मोठी गोष्ट म्हणजे शांतता. महिनोन्‌महिने खपून मिशन प्रसिद्ध करावे आणि कोणी एक ओळही लिहू नये, यात दया कुठे आहे?

१८/२०
आणि काळ थांबत नाही. हौशी पानांचे मोठे घर असलेले अमेरिकेतील जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. फायली हरवतात, वाचल्या तरी नव्या संगणकावर चालतीलच असे नाही. मिशन नाहीसे झाल्यावर ते कसे होते हे सांगू शकेल ती फक्त तपशीलवार समीक्षा. हरवलेल्या नाटकाविषयी आपल्याला जे कळते, तेही पुष्कळदा त्याच्या परीक्षणांतूनच.

१९/२०
म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक समीक्षेने पाच गोष्टी सांगाव्यात: मिशन खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या काठिण्यपातळीवर उडवले, उद्दिष्टे उड्डाणापूर्वी स्पष्ट होती का, हार कुठे झाली व ती खेळाडूची होती की रचनेची, लेखकाने कोणती नवी कल्पना आणली, आणि कोणता एक बदल केला असता मिशन सुधारले असते. रहस्य फोडायचे असेल तर तो भाग वेगळा लिहावा. गुण द्यायचेच असतील तर सर्वांत शेवटी द्यावेत.

२०/२०
‘एक्स-विंग’ आणि ‘टाय फायटर’ २०१४ मध्ये पुन्हा अधिकृतपणे विक्रीस आले. नवे वैमानिक येत आहेत. जुन्या मिशनांच्या यादीसमोर उभे राहिल्यावर त्यांना बहुधा ताऱ्यांच्या रांगा दिसतात, वाट दिसत नाही. गाईचे दात पाहिले की तिचे वय कळते आणि तिला काय मानवेल तेही कळते. जो गाय सांभाळणार आहे, तो दात पाहणारच. ज्यांनी अशी मिशने उडवली आहेत त्यांनी एक तरी समीक्षा नीट लिहावी, ही विनंती. #धागा समाप्त.