होडी घेण्याआधी खाडीचा तळ पाहा

नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा, चिखलडोंगरी, मारंबळपाडा. या किनाऱ्यावर ज्या घरात लहान होडी घ्यायचं घाटतं आहे, त्या घरासाठी हे लिहितो आहे. डोलीच्या मोठ्या बोटींचा इथे विषय नाही. दोन-तीन माणसांनी खाडीत जावं, पाग किंवा बोक्षी टाकावी, बोय, कोळंबी, चिंबोरी, कधी एखादा जिताडा घेऊन घरी यावं, एवढ्यासाठी सोळा ते वीस फुटांची होडी लागते. ती घेताना बहुतेक जण आधी इंजिनाची ताकद विचारतात, मग किंमत, मग रंग. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दोन गोष्टी पाहा: होडी जिथे बांधणार तिथला तळ, आणि तुमच्या खाडीची ओहोटी.

खाडी आतल्या अंगाला आहे म्हणून बिनधोक, हा समज आधी मनातून काढून टाका. सकाळी पांजू बेटाच्या बाजूला पाणी निवांत दिसतं, हे खरं. पण आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या आसपास जातं. एवढं पाणी सहा तासांत वसईच्या खाडीतून आत येतं आणि पुढच्या सहा तासांत त्याच तोंडाने बाहेर पडतं. भाईंदर आणि नायगावच्या मधल्या रेल्वे पुलांच्या खांबांतून तर ते आवळून जातं आणि तिथे ओढ आणखी वाढते. वैतरणेच्या तोंडाशी, अर्नाळा आणि दातिवऱ्याच्या मध्ये, तीच गोष्ट.

भरतीची वेळ काढायला मोबाइलसुद्धा लागत नाही. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. चतुर्थीला भरती तीनला पूर्ण होते, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा-साडेअकराला. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरा. हा हिशेब जुनी माणसं बोटांवर करत. होडी घेणाऱ्या प्रत्येकाने तो शिकून घ्यावा, कारण त्यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते.

अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत उधाण असतं. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण होते आणि संध्याकाळपर्यंत पाणी समुद्राकडे धावत राहतं. मार्च ते मे या महिन्यांत नेमका दुपारीच खारा वारा पश्चिमेकडून जोर धरतो. पाणी बाहेर चाललेलं, वारा आत येणारा. दोघे खाडीच्या तोंडाशी एकमेकांना भिडतात आणि तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या फार उंच नसतात, पण एकीवरून होडी खाली येते न येते तोच दुसरी नाळेवर आदळते. कमी काठाच्या होडीत पाणी भरतं ते अशा वेळी. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा उलटं होतं. सकाळी सहाला भरती, बाराला सुकती, आणि दुपारी पाणी वाऱ्याबरोबरच आत येतं. ओढही कमी असते. तेव्हा नवशिक्याने पहिले काही महिने अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. उधाणाच्या दुपारी खाडीच्या तोंडाकडे जाऊच नये, मग होडी कितीही चांगली असो.

आता तळ. नायगाव, खोचिवडे, चिखलडोंगरी, मारंबळपाडा इथे होडी ओहोटीला चिखलावर बसते. उधाणाच्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमाराला पाणी अगदी खाली गेलेलं असतं, म्हणजे पहाटे निघायचं म्हटलं तर होडी चिखलातच असते. अशा ठिकाणी खाली खोल पठाण असलेली होडी घेतली तर ती ओहोटीला कुशीवर कलंडते. पुढे भरती येते तेव्हा होडी उचलली जाण्याआधी कललेल्या काठावरून पाणी आत शिरतं. बांधलेल्या जागीच होडी भरलेली सापडते आणि मालकाला वाटतं, कोणीतरी खोडी केली. चिखलासाठी मागचा अर्धा भाग जवळजवळ सपाट असलेली होडी घ्या. पुढे मात्र थोडी धार हवी, नाहीतर लहान लाटेवरही होडीचा तळ आपटत राहतो आणि सांधे ढिले होतात. तळाखाली लांबीला धरून दोन जाड पट्ट्या असल्या तर उत्तमच. होडी त्यांवर टेकते आणि घासायचं ते त्या घासतात. कालवं चिकटलेल्या खडकाशेजारी बांधणाऱ्याला तर या पट्ट्या हव्यातच.

अर्नाळ्याला वाळू आहे आणि किनाऱ्यावर लाट फुटते. तिथलं मापच वेगळं. नाळ उंच हवी, काठ उंच हवा. मागची बाजू चौकोनी, रुंद आणि बुटकी असेल तर किनाऱ्याला लागताना पाठीमागून येणारी लाट सरळ आत येते. अर्नाळ्याच्या माणसाने नायगावची होडी स्वस्तात मिळते म्हणून आणू नये, आणि नायगावच्या माणसाने अर्नाळ्याची. दोन्ही होड्या चांगल्या असतील, पण प्रत्येक आपापल्या पाण्यात.

लांबी-रुंदीचं म्हणाल तर दोघांसाठी सोळा फूट, तिघांसाठी अठरा. अठरा फुटांना पाच फुटांच्या आत रुंदी नको. विकणारा सांगेल, चार फुटांची होडी वेगाने जाते. जातेही. पण दोघे जण एकाच बाजूला वाकून जाळं ओढतात तेव्हा वेग कामाला येत नाही. घेण्याआधी होडी पाण्यात उतरवायला लावा. जितकी माणसं जाणार तितकी बसवा, जाळ्याचं आणि मासळीचं वजन म्हणून पाण्याने भरलेले कॅन ठेवा, आणि मग सगळ्यांना एका काठाकडे बसायला सांगा. सरळ उभ्या होडीचा काठ पाण्यावर निदान दीड फूट दिसला पाहिजे. सगळे एका बाजूला गेल्यावरही वीतभर उरला पाहिजे. ही परीक्षा द्यायला जो विकणारा तयार नाही, त्याच्याकडून होडी घेऊ नका.

लाकूड की फायबर, हा प्रश्न सगळेच विचारतात. लाकडी होडी देखणी असते, चालायला शांत असते, आणि बुडाली तरी लाकूड स्वतः तरंगतं. पण तिला माणसाचा हात रोज लागतो. दर वर्षी ओढून वर घ्या, फटींत कापूस ठोका, राळ-तेल लावा, पोखरणारी कीड पाहा. आज लहान होडीचं हे काम करणारा सुतार शोधून आणावा लागतो. तुमच्या गावात असा माणूस असेल आणि तुमची स्वतःचा वेळ द्यायची तयारी असेल तरच लाकडी घ्या. बाकीच्यांनी फायबर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायबरची एक गोष्ट मात्र विकणारे सांगत नाहीत. फायबर पाण्यापेक्षा जड आहे. तीनशे किलोच्या सांगाड्यात पाणी भरलं की तो तळाला जातो, वरून इंजिनाचं वजन. तो तरंगत राहायचा तर आत बंद कप्पे हवेत आणि त्यांत फोम भरलेला हवा. हिशेब सोपा आहे: एक लिटर फोम जवळजवळ एक किलो वजन उचलून धरतो. तीनशे किलोच्या फायबरला पाण्यात सुमारे शंभर किलोचा आधार लागतो, चाळीस किलोच्या इंजिनाला जवळजवळ त्याच्या वजनाएवढा, आणि उलटलेल्या होडीला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी. सगळं मिळून अडीचशे-तीनशे लिटर फोम असेल तर होडी भरली तरी बुडत नाही. नवी होडी बांधायला देताना हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि कप्पे बंद करण्याआधी स्वतः जाऊन पाहा. बसायच्या बाकाखाली पोकळी आहे, पण फोम नाही, अशा होड्या सर्रास विकल्या जातात. पोकळीला चीर गेली की ती भरते. थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेल्या तराफ्यांवर तर कुणी खाडीत जाऊ नये. ते उन्हाने आणि घासून झिजतात, आणि फुटतात तेव्हा एकदम फुटतात.

जुनी होडी घेत असाल तर घाई नको. मागची फळी, जिच्यावर इंजिन लावतात, ती बहुतेक होड्यांत आतून प्लायवूडची असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरतं आणि वरून रंग चकचकीत असताना आतलं लाकूड भुसभुशीत होतं. इंजिन दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. फळी वाकली तर होडी सोडून द्या. तळावर नाण्याने ठकठक करत जा. सगळीकडे टणक आवाज आणि एका जागी बद्द, तर तिथे थर सुटले आहेत. तळावर फोड आले असतील तर पाणी थरांत गेलं आहे. सरतेशेवटी होडी एक रात्र पाण्यात ठेवा आणि सकाळी आत किती पाणी जमलं ते पाहा. नवीन रंग लावून विकायला काढलेली होडी दिसली तर ही सगळी तपासणी दुप्पट बारकाईने करा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. अठरा फुटांच्या होडीला खाडीत आठ-दहा अश्वशक्ती पुरते. अशा बांधणीची भरलेली होडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चालते आणि त्यापुढे इंजिन कितीही मोठं लावलं तरी इंधन जळतं, वेग फारसा वाढत नाही. मागच्या फळीची उंची मोजून मगच इंजिन घ्या: पंधरा इंचांच्या फळीला आखूड दांड्याचं, वीस इंचांच्या फळीला लांब. उथळ पाण्यात इंजिन चिखल ओढतं आणि थंड करणारा पंप बिघडतो, म्हणून शेवटची पन्नास पावलं वल्हं मारा. दोन वल्ही, एक नांगर आणि त्याला भरपूर दोर या तीन वस्तू इंजिनाच्याही आधी विकत घ्या. ओहोटीत इंजिन बंद पडलं तर वल्ह्याने ओढीला तोंड देता येत नाही. तेव्हा नांगरच तुम्हाला समुद्रात जाण्यापासून थांबवतो. आता खाडीत मोठी जहाजंही येतात. 2024 पासून भाईंदर-वसई आणि 2025 पासून मारंबळपाडा-जलसार अशी रोरो सेवा सुरू आहे. तिच्या जहाजांमागून येणारी लाट नेहमी नाळेवर घ्या, कुशीवर नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणारे बरेच आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. 2008 च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी मच्छीमार बोटीतून आले, तेव्हापासून किनाऱ्यावरची तपासणी कडक आहे. नंबर नसलेली होडी पकडली गेली तर त्रास तुम्हालाच. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ‘रिअलक्राफ्ट’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. फॉर्म भरायला गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेची मदत घ्या आणि अडलं तर पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. जुनी होडी घेताना मूळ मालकाच्या नावावरून ती तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. 1 जून ते 31 जुलै ही समुद्रातली पावसाळी बंदी वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होड्यांना लागू नाही, पण इंजिन लावलेल्या होडीला ती सूट मिळत नाही. तुमच्या खाडीच्या पट्ट्यात नेमकं काय चालतं, ते कार्यालयात विचारून घ्या. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. आधी अर्ज, मग खरेदी, हा क्रम ठेवा.

आणि पैशांचा हिशेब घरातल्या बाईसोबत बसून करा. मासळी बाजारात नेऊन विकते ती. वसईच्या बाजारात बोयीला कोणत्या महिन्यात काय भाव मिळतो, उरलेली कोळंबी सुकवून किती पैसे होतात, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कर्जाचा हप्ता झेपेल की नाही, हे तिनेच सांगावं. हप्ता डोक्यावर असला की माणूस नको त्या दिवशी होडी काढतो. ठरलेल्या पैशांत मोठं इंजिन आणि चांगला सांगाडा दोन्ही बसत नसतील तर सांगाड्यावर खर्च करा.

होडीतल्या प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट घ्या आणि ते बाकाखाली कोंबून ठेवू नका, अंगात घाला. पोहता येणारेही बुडतात, कारण ओहोटीत पोहून किनारा मिळत नाही. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन नंबर मोबाइलमध्ये आजच साठवा, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि निघताना घरी सांगून जा की कोणत्या बाजूला चाललात आणि किती वाजता परत येणार.