न पचणारी धूळ

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे शिपाई होत, हे आपण शाळेत शिकलो. १८८२ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला, तेव्हा भ्रमणशील पेशी त्याभोवती गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. अशाच भक्षक पेशी आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांत पहारा करतात. श्वासाबरोबर आलेले जंतू गिळून पचवितात.

परंतु दगडाची सिलिकायुक्त धूळ त्यांना पचत नाही. ती गिळलेली पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तोच गिळते. या निष्फळ झुंजीत फुप्फुसांत वण साठून ती कठीण होतात. हाच सिलिकोसिस. पहारा दुबळा झाल्यामुळे क्षयालाही वाट मिळते.

आपल्या माळव्यात, मंदसौर येथे, पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनी हे भोगले आहे. मुलांनी अक्षरे गिरवावीत म्हणून त्यांचा श्वास खर्ची पडला. एकदा कठीण झालेले फुप्फुस औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून धूळ उडण्यापूर्वीच पाण्याने दाबणे, यंत्राने ओढून घेणे, हाच खरा उपाय. आणि तो मालकाने व शासनाने करावयाचा आहे.