विमान पुन्हा वर गेले, यात थरार कसला?



‘टेकता टेकता विमान पुन्हा हवेत, प्रवाशांचा जीव टांगणीला’ ही आपल्या मंगळवारच्या अंकातील बातमी वाचून संताप आला. नागपूरहून मुंबईला आलेल्या त्या विमानात मीही होतो. लोक घाबरले, हे खरे. पण कोणाच्या जिवाला धोका होता, हे साफ चूक आहे. उलट वैमानिकाने त्या क्षणी जे केले, ते न केल्यामुळे या देशात माणसे मेली आहेत.

माझी सगळी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. ‘गो-अराउंड’ हा आमच्या कानावरचा शब्द. उतरताना वेग, उंची किंवा खाली येण्याचा दर जमला नाही, पुढचे विमान अजून धावपट्टीवरच असले, वारा अचानक फिरला किंवा पावसात धावपट्टी दिसलीच नाही, तर उतरायचे नाही, वर जायचे. कोणत्या दिशेने आणि किती उंचीपर्यंत, हे त्या धावपट्टीच्या नकाशावर आधीच छापलेले असते आणि खाली येण्यापूर्वी दोघे वैमानिक त्याची उजळणी करतात. दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरते आणि त्यावर आणखी अर्धा तास हवेत राहता येईल एवढे इंधन हिशेबात धरलेले असते. इंजिने एकदम गरजली, नाक वर झाले, पायाखाली धाडकन आवाज झाला, म्हणजे काही तुटले नव्हते. चाके आत गेली होती.

आता आपल्या बातमीत नसलेला एक आकडा सांगतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, उतरतानाची घडी बिघडलेली असताना प्रत्यक्षात ‘गो-अराउंड’ घेणारी विमाने शंभरात जेमतेम ३ असतात. उरलेले ९७ वैमानिक तसेच रेटून उतरतात. नियम माहीत असतो, सरावही झालेला असतो, तरी ९७. बहुतेक वेळा निभावते, म्हणून त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती त्या तिघांची, आणि तीही अशी की चौथ्याने वर जाण्यापूर्वी दहादा विचार करावा.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी काय झाले, ते आठवावे. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान फार उंचावरून, फार वेगाने खाली येत होते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’ सुचवले. कॅप्टनने ऐकले नाही. विमान धावपट्टीचा निम्म्याहून अधिक भाग मागे टाकून टेकले आणि पुढच्या दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने तो हट्टच अपघाताचे थेट कारण ठरवला. त्यानंतर ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड. भर पाऊस, पाठीमागून वारा, विमान पुन्हा निम्म्या धावपट्टीवर टेकलेले, आणि सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलेले. २१ मृत्यू, दोन्ही वैमानिक त्यांतच. तिथे पहिल्या प्रयत्नात विमान नियमाप्रमाणे वर गेले होते. दुसऱ्यांदा ते झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनला तिथूनच उड्डाण करायचे होते आणि तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, ही गोष्टही चौकशी अहवालाने नोंदवली आहे. दडपण असे असते. ते वेळापत्रकाचे असते, वरिष्ठांचे असते, आणि आता मथळ्यांचेही आहे. मथळ्यांचा आणि त्या ३ च्या आकड्याचा काही संबंध नाही, असे मला कोणी सांगू नये.

आमच्या विमानाचे दार उघडल्यावर एक गृहस्थ हवाई सुंदरीवर ओरडत होते, ‘लँडिंग येत नाही तर कशाला उडवता?’ ती मुलगी विशी-बाविशीची असेल. ‘सॉरी सर’ म्हणत राहिली. मागच्या रांगेतला एक जण हे सगळे मोबाइलवर टिपत होता. कॉकपिटचे दार अर्धवट उघडे होते, म्हणजे आतल्या दोघांनीही ते ऐकले. सॉरी कशाबद्दल? सव्वाशे-दीडशे माणसे सुखरूप उतरवली म्हणून?

याच मुंबई विमानतळावर ८ जून २०२४ रोजी एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. ती चित्रफीत सर्वांनी पाहिली, नियंत्रकाला कामावरून दूर करण्यात आले. मागच्या विमानाला तेव्हा वर पाठवले असते, तर आपण ‘प्रवाशांचा खोळंबा’ असेच छापले असते ना?

विमान कंपन्याही या भीतीला तेवढ्याच जबाबदार आहेत. विमान वर गेल्यानंतर बराच वेळ केबिनमध्ये कोणी एक अक्षर बोलले नाही. पहिली काही मिनिटे वैमानिकांचे हात कामात गुंतलेले असतात, हे मला कळते. पण केबिन कर्मचाऱ्यांना दोन वाक्ये बोलायला काय हरकत होती? माझ्या शेजारच्या आजी रामरक्षा म्हणत होत्या. त्यांना मी सांगितले, म्हणून त्या शांत झाल्या. शेवटी घोषणा झाली ती ‘तांत्रिक कारणामुळे’. हे दोन शब्द ऐकले की माणसाला वाटते, इंजिन बिघडले. पाऊस असेल तर पाऊस म्हणा, धावपट्टी मोकळी नव्हती तर तसे सांगा. खाद्यपदार्थांची जाहिरात करायला माइक सापडतो, तर यासाठीही सापडला पाहिजे.

नागरी उड्डाण महासंचालनालयाने ‘गो-अराउंड’नंतरची घोषणा, कारणासह, सर्व कंपन्यांना सक्तीची करावी. आणि आपल्या वार्ताहराने अशा बातमीसाठी आधी टॉवरकडून किंवा कंपनीकडून कारण मिळवावे. ते मिळेपर्यंत बातमी एक दिवस उशिरा छापली तरी चालेल.

– एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई