वासराला चीक, मग लेकराला गूळपाणी का?



गाय व्यायला झाली की आपण काय करतो? रात्र असो, पाऊस असो, बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन बसतो. वासरू धडपडत उभे राहिले की त्याचे तोंड सडाला लावतो. चीक पोटात गेल्याशिवाय घरधनी झोपायला जात नाही. चिकावाचून वासरू पोसत नाही, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही. खरवस होतो तो वासराचे पोट भरल्यावर.

त्याच घरात सून बाळंत होते. तिचा चीक मात्र पिवळा आहे, जड आहे म्हणून अजूनही अनेक घरांत पिळून टाकतात. लेकराच्या तोंडी पहिल्यांदा लागतो मध, गूळपाणी, नाहीतर गुटी. गोठ्यातले शहाणपण माजघराच्या उंबऱ्याशी का अडते?

चीक म्हणजे लेकराची पहिली लस. रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यात ठासून भरलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे साधे आहे. जन्मल्यापासून एका तासात लेकरू अंगावर घ्यावे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, डॉक्टरने सांगितलेल्या औषधाखेरीज दुसरे काही नाही. वैशाखाच्या उन्हातही वर पाणी लागत नाही, कारण त्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. विहिरीच्या पाण्याने मात्र हगवण लागते. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी सुरू करावी आणि दोन वर्षे व पुढेही अंगावरचे दूध चालू ठेवावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या बेचाळीस लेकरांनाच पहिल्या तासात आईचे दूध मिळाल्याचे दिसले. सहा महिन्यांखालच्या लेकरांत निव्वळ आईच्या दुधावर असलेली शंभरात चौसष्ट होती.

आपण हिशेबाची माणसे, म्हणून हिशेब मांडू. सहा महिन्यांत आई रोज सरासरी पाऊण लिटर दूध देते, म्हणजे एकूण सुमारे १३५ लिटर. त्यासाठी तिला रोज पाचशेच्या वर जादा कॅलरी लागतात. ज्वारीच्या पिठात सांगायचे तर दीडशे ग्रॅम पीठ, दोन-तीन भाकरी जास्तीच्या. आता आपल्या घरात सर्वांत शेवटी जेवायला कोण बसते ते आठवा. दुभत्या म्हशीला पेंड आधी आणि पाजणाऱ्या बाईला उरलेसुरले, हा कुठला न्याय?

पाजण्यात आईचाही फायदा आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव कमी होतो, पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका घटतो. 'दूध पुरत नाही' म्हणून डबा आणण्याची घाई बरी नव्हे. लेकरू जितके ओढेल तितके दूध उतरते. डब्याच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगाच नाही. ज्या आईला खरोखर अडचण आहे तिला दवाखान्यात न्यावे, टोमणे मारू नयेत.

पण नुसता उपदेश करून भागणार नाही. बाई पाजत नाही याचे खरे कारण बहुतेक वेळा अडाणीपण नसून पोट असते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर. लेकरू घेऊन अर्धा तास बसली की तेवढा कापूस कमी आणि तेवढा पैसा कमी. म्हणून दोन महिन्यांचे लेकरू म्हातारीजवळ ठेवून ती पहाटे निघते. घरी लेकराच्या तोंडात साखरपाण्याचे बोळके आणि रानात आईचा पदर ओला.

कारखान्यात, कचेरीत दहा माणसे कामाला असली की २०१७ पासून बाळंतिणीला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतातल्या बाईला एक दिवसाचीही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये लिहून दिले. योजना आली तेव्हा पहिल्या लेकरालाच ५,००० झाले, आणि २०२२ पासून दुसऱ्या वेळी ६,०००, तेही मुलगी झाली तरच. कायद्याने दिलेले योजनेने कापले. हा जाब जिल्हा मेळाव्यात विचारलाच पाहिजे.

मात्र सरकारकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. बांधावरचे मालक आपणच आहोत. घामाचे दाम मागणाऱ्याने दुधाचे दाम बुडवू नयेत. म्हणून या वेचणीपासून प्रत्येक गावाने चार गोष्टी ठरवाव्यात.

एक, पाजणारी बाई लेकरू घेऊन आली तर बाभळीखाली झोळी, सावली आणि पाण्याची घागर मालकाने पुरवावी. दोन, दर दोन-तीन तासांनी पाजायला वेळ द्यावा. रोजाने असेल तर त्याचा पैसा कापू नये, किलोवर असेल तर दिवसाला काही रक्कम वर द्यावी. तीन, फवारलेल्या रानात तिला आणि लेकराला नेऊ नये, औषध कालवायला तर मुळीच लावू नये. २०१७ साली यवतमाळात फवारणीने माणसे गेली, ती आपण विसरलेलो नाही. चार, घरात पाजणारीचे ताट पहिले वाढावे.

यातली पहिली तीन कामे पैशाने फार मोठी नाहीत आणि चौथ्याला तर पैसाच लागत नाही. गाय व्याल्यावर रात्र जागणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.